दहा-बारा वर्षांचे साक्षीदार

प्रस्तावना

२२ जून १९५८ ला रविवार होता. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला एल माँटे नावाचं कष्टकऱ्यांचं गाव आहे. तिथल्या अरोयो हायस्कूललगत, रस्त्याकडेच्या झुडपांत, सकाळी एका बाईचं प्रेत सापडलं. जीनिव्हा हिलिकर एलरॉय, वय ४३, घटस्फोटित, पेशानं नर्स. गळा आवळून मारलेलं. आदल्या रात्री ती एका सावळ्या पुरुषाबरोबर आणि पोनीटेल बांधलेल्या सोनेरी केसांच्या एका बाईबरोबर दिसली होती, असं साक्षीदारांनी सांगितलं. त्या दोघांचा पत्ता पोलिसांना तेव्हा लागला नाही, नंतरही नाही.

तिचा दहा वर्षांचा मुलगा शनिवार-रविवार वडिलांकडे राहायला गेला होता. टॅक्सीतून घरापाशी उतरला तर समोर पोलिसांच्या गाड्या. आई गेल्याचं त्याला तिथंच सांगितलं गेलं. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला फोटो हवा होता. त्यानं मुलाला शेजाऱ्याच्या अवजारांच्या शेडमध्ये नेलं, हातात आरी दिली आणि कामाच्या बाकाशी उभं केलं. तो फोटो आजही पाहायला मिळतो. मुलाच्या चेहऱ्यावर रडू दिसत नाही. काहीतरी करत असल्यासारखा उभा राहा, असं सांगितल्यावर मुलं जशी अवघडून उभी राहतात, तसा तो उभा आहे. हा मुलगा पुढं जेम्स एलरॉय या नावानं लिहू लागला आणि अमेरिकन गुन्हेकथेतला एक मोठा लेखक झाला.

या घटनेच्या तीनेक महिने आधी, दहाव्या वाढदिवसाच्या सुमारास, आईनं त्याला विचारलं होतं की तुला कुणाकडे राहायचंय. त्यानं वडिलांचं नाव घेतलं. तिनं थोबाडीत मारली. ही मरावी, असं त्यानं मनात म्हटलं. हे त्यानं स्वतःच ‘माय डार्क प्लेसेस’ या १९९६ च्या आत्मकथनात लिहून ठेवलंय. माझ्या या पुस्तकातल्या लेखांचं मूळ मला तिथं दिसतं. आई गेल्याचं दुःख तर आहेच. त्याहून अवघड गोष्ट अशी, की आपण मागितलं आणि तसं झालं, हे त्या मुलाला माहीत होतं. या गुन्ह्याचा तपास तो कुठल्या बाजूनं करणार? साक्षीदार म्हणून, वारस म्हणून, की आरोपी म्हणून?

पुढच्या मार्चमध्ये, अकराव्या वाढदिवसाला, वडिलांनी त्याला जॅक वेबचं ‘द बॅज’ हे पुस्तक दिलं. लॉस एंजेलिस पोलिसांच्या गाजलेल्या प्रकरणांचं पुस्तक. असं पुस्तक अशा मुलाला का द्यावं, हा प्रश्न त्या वडिलांना पडला नसावा. त्यात एलिझाबेथ शॉर्ट या तरुणीच्या खुनाची हकिकत होती. १५ जानेवारी १९४७ ला तिचं प्रेत लॉस एंजेलिसमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर कमरेतून दोन तुकडे केलेल्या अवस्थेत मिळालं होतं. वर्तमानपत्रांनी तिला ‘ब्लॅक डाहलिया’ हे नाव दिलं. मुलगा सायकल मारत ती जागा बघायला जाऊ लागला. आईबद्दल जे वाटायला हवं होतं ते सगळं त्यानं या अनोळखी मेलेल्या मुलीच्या नावावर जमा केलं. मग दारू, नशा, लोकांच्या घरात चोरून शिरणं, तुरुंग, गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम आणि अखेरीस लेखन. १९८७ मध्ये ‘द ब्लॅक डाहलिया’ ही कादंबरी आली, ती आईला अर्पण केलेली. तिच्यात ली ब्लँचर्ड नावाचा एक पोलीस आहे. लहानपणी हरवलेल्या धाकट्या बहिणीपायी तो या खुनाच्या तपासात असा काही घुसतो की परत बाहेर येत नाही.

खरं ब्लॅक डाहलिया प्रकरण आजतागायत उलगडलेलं नाही. एलरॉयनं कादंबरीत ते उलगडून टाकलं. लेखकाला तेवढी मुभा असते. पण १९९४ मध्ये तो स्वतःच्या आईची फाइल उघडायला गेला, तेव्हा ती मुभा संपली होती. लॉस एंजेलिस काउंटी शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेला बिल स्टोनर हा डिटेक्टिव्ह त्यानं बरोबर घेतला. दोघांनी वर्षाहून अधिक काळ म्हाताऱ्या साक्षीदारांची दारं ठोठावली, जुने कागद चाळले, मिळेल त्या धाग्यामागं गेले. खुनी सापडला नाही. मात्र आई कोण होती, कुठून आली, हे मुलाला पहिल्यांदा कळलं. पुस्तकाच्या शेवटी कुणाला काही माहिती असल्यास कळवावी म्हणून स्टोनरचा फोन नंबर छापला आहे. गुन्हेकथेच्या वाङ्मयात इतका उघडा राहिलेला शेवट मी दुसरा वाचलेला नाही.

प्रस्तावनेची सुरुवात एका खऱ्या खुनानं करण्यामागं कारण आहे. खुन्याच्या मागावर निघालेला, पण स्वतःच्या बालपणापासून पळणारा तपास अधिकारी आज इतका सर्रास भेटतो की त्याचा साचा झालाय. ओटीटीवरची कुठलीही मालिका लावा. पहिल्या भागात प्रेत, दुसऱ्यात अधिकाऱ्याची बाटली, तिसऱ्यात त्याच्या स्वप्नातलं लहान मूल. आठव्या भागात खुनी सापडतो आणि योगायोगानं अधिकाऱ्याला त्या रात्री झोपही लागते. या साच्याचा मला कंटाळा आहे. पण साचा ज्यांच्यावरून पडला त्या कादंबऱ्यांचा मुळीच नाही, आणि त्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते. चांगल्या लेखकाकडे बालपणीचा घाव तपासाला मदत करत नाही. आडवा येतो, चुका करायला लावतो, कधी दुसऱ्याचा जीवही घेतो. या पुस्तकातले चारही लेख हेच दाखवायच्या खटपटीत आहेत.

आपल्या रहस्यकथेला हा घाव ठाऊक नव्हता, यात काही नवल नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या घरात पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय या त्यांच्या नायकांच्या नावांवर वाचनालयांत रांगा लागत. झुंजारला लहानपणी काय झालं होतं, असा प्रश्न कुणी विचारला असता तर अर्नाळकरांनाही हसू आलं असतं. सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद त्या मानानं पुष्कळ आधुनिक, पण तेही मुख्यतः तडफदार. वाचक त्यांच्याकडे धाडस बघायला जाई, दुखणं बघायला नाही. बंगालीतली गोष्ट जास्त बोलकी आहे. सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह फेलूदा नऊ वर्षांचा असताना आईवडिलांना मुकला, काकांकडे वाढला. आजच्या पटकथालेखकानं यावर दोन सीझन काढले असते. राय ती गोष्ट सांगून पुढं जातात. फेलूदाच्या बुद्धीला किंवा विनोदाला ती कधी चिकटत नाही. शेरलॉक होम्सचा पहिला कारनामा १८८७ चा, पण त्याच्या बालपणाबद्दल कॉनन डॉयल जवळजवळ काहीच सांगत नाही. डिटेक्टिव्ह म्हणजे समाजाला झालेली जखम बांधणारा. स्वतः जखमी असेल तर तो बांधणार कसा, असा तो हिशेब होता.

हा हिशेब बदलला त्यामागं वैद्यकशास्त्राचाही हात आहे. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये आपल्या निदानसूचीत पीटीएसडी या विकाराला स्वतंत्र जागा दिली. आघात होऊन वर्षं उलटली तरी माणूस त्याच क्षणात अडकून राहू शकतो, ही गोष्ट आता डॉक्टरांच्या पुस्तकात आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती पोलिसी कादंबऱ्यांत झिरपली. मायकेल कॉनेलीचा हॅरी बॉश हे त्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. तो व्हिएतनाममध्ये शत्रूच्या भुयारांत उतरणारा सैनिक होता आणि त्याची आई, मार्जरी लो, तो लहान असताना खून होऊन गेली होती. दोन्ही आघात एकाच माणसात. कॉनेली मूळचा गुन्हे-वार्ताहर; एलरॉयच्या आईची हकिकत बॉशच्या जन्मामागं आहे, हे त्यानं लपवलेलं नाही.

असाच फरक आपल्या मुंबईतही दिसतो. १९६० च्या दशकात उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी फोडून खून पडत होते. ऑगस्ट १९६८ मध्ये रामन राघव पकडला गेला. तपासाची सूत्रं गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णींकडे होती. आरोपी दिवसेंदिवस तोंड उघडेना. त्यानं खायला कोंबडी मागितली, मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा. ते सगळं मिळाल्यावर बोलू लागला आणि लपवलेला लोखंडी दांडा त्यानं स्वतः दाखवला. फाशीची शिक्षा पुढं मनोविकारामुळं जन्मठेपेत बदलली आणि १९९५ मध्ये पुण्यात ससून रुग्णालयात तो वारला. या सगळ्या हकिकतीत पोलिसाचं मन कुठंच येत नाही. येतं ते चिकाटीचं, वैतागाचं, शहरात पसरलेल्या भीतीचं वर्णन. २०१६ मध्ये अनुराग कश्यपनं त्या नावाचा आधार घेऊन सिनेमा काढला, तेव्हा मात्र पोलीस अधिकारी नशेबाज आणि बापाच्या धाकाखाली पिचलेला दाखवावा लागला. खुनी आणि पोलीस एकमेकांचे आरसे झाले. ही मांडणी प्रभावी आहे, पण खऱ्या तपासातली ती कोंबडीची फर्माईश मला अधिक भयंकर वाटते.

आता लेखांविषयी.

पहिला लेख टॉमस हॅरिसच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’वर आहे. कादंबरी १९८८ ची, सिनेमा १९९१ चा. क्लॅरिस स्टार्लिंग ही एफबीआयची प्रशिक्षणार्थी, आणि मनोरुग्ण गुन्हेगारांच्या रुग्णालयात कोंडलेला डॉ. लेक्टर तिला एका खुन्याबद्दल माहिती देतो ती फुकट नाही. मोबदल्यात तिचं बालपण मागतो. वडील चोरांच्या गोळीनं गेले, मग माँटानातल्या नातेवाइकांच्या रँचवर पाठवणी, तिथं पहाटे कापल्या जाणाऱ्या कोकरांचा आक्रोश. सिनेमात ती एक कोकरू उचलून पळते. कादंबरीत ती हॅना नावाची घोडी घेऊन निघते, आणि हा बदल मला सिनेमाचं नुकसान वाटतो. कोकरू वाचत नाही, म्हणून सिनेमात नुसती हार उरते. कादंबरीत घोडी वाचते, पुढं बरीच वर्षं जगते, आणि तरीही कोकरांचा आवाज थांबत नाही.

लोक या कथेत लेक्टरची आणि क्लॅरिसची बोलणीच आठवतात. पण खुन्यापर्यंत ती पोचते कशी, हे तपासून पाहा. पहिल्या बळी पडलेल्या मुलीच्या घरी, ओहायोतल्या एका लहान गावात, ती कपाटातला एक अर्धवट शिवलेला फ्रॉक बघते. त्यावर डार्टची खूण असते, कापड अंगासरशी बसावं म्हणून शिवतात तशी. तसेच तुकडे प्रेतांच्या पाठीवरून कापून नेलेले असतात. खुनी काय शिवतोय ते तिला तिथं कळतं. बालपणीचा घाव तिला कोठडीच्या काचेपलीकडच्या माणसाशी बोलायला उपयोगी पडतो. गुन्हा उलगडतो तो शिवणकामाच्या साध्या जाणकारीनं, जी वरिष्ठ पुरुष अधिकाऱ्यांत कुणाकडेच नव्हती. हॅरिसनं ही गोष्ट कुठंही अधोरेखित केलेली नाही. म्हणून मी केली आहे, बरीच पानं खर्च करून.

दुसरा लेख कॉनेलीच्या ‘द लास्ट कायोटी’वर, १९९५ ची कादंबरी. बॉशनं आपल्या साहेबाला, लेफ्टनंट पाउंड्सला, काचेतून ढकललेलं आहे आणि त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलंय. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात त्याचं घर राहायला धोकादायक ठरलंय, तरी तो चोरून तिथंच राहतो. आठवड्याला मानसोपचारतज्ज्ञ बाईंपुढं बसावं लागतं. अशा रिकामपणात तो आईच्या खुनाची जुनी फाइल अभिलेखागारातून काढतो. लॉस एंजेलिसचे पोलीस खुनाच्या तपासाचे सगळे कागद एका निळ्या बाइंडरमध्ये लावतात, त्याला ते मर्डर बुक म्हणतात. आईचं मर्डर बुक मुलगा उघडतो, आणि आपल्यासमोरचं प्रकरण हाताळतो त्याच सरावानं वाचू लागतो. बाजूच्या खोक्यात तिचा पट्टा असतो.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. रजेवर असल्यानं बॉशला तपासाचा अधिकार नाही, म्हणून तो पाउंड्सचं नाव वापरत फिरतो. ज्यांच्या मुळाशी तो हात घालतो ते लोक त्या नावामागं जातात आणि खऱ्या पाउंड्सला हालहाल करून मारतात. पाउंड्स काही प्रेमात पडावा असा साहेब नाही. तरी तो मेला तो बॉशच्या आईपायी, आणि बॉशला ते ठाऊक आहे. कॉनेली त्याला या ओझ्यातून सोडवत नाही. अशा जागी बहुतेक लेखक नायकाची बाजू घेतात.

तिसरा लेख पुस्तकातला सर्वांत लांब आहे, कारण ती कादंबरी मला सर्वांत श्रेष्ठ वाटते: टाना फ्रेंचची ‘इन द वूड्स’, २००७. डब्लिनजवळचं नॉकनारी हे काल्पनिक गाव. १९८४ च्या उन्हाळ्यात तीन मुलं रानात खेळायला जातात. संध्याकाळी एकच सापडतो, झाडाला पाठ लावून नखं सालीत रुतवून उभा, बुटांत रक्त. काय झालं ते त्याला आठवत नाही. वीस वर्षांनी तोच मुलगा नाव बदलून, बोलण्याचा ढंग बदलून खून तपास पथकात अधिकारी झालाय, आणि त्याच रानाशेजारी, मोटरवे येणार म्हणून घाईनं चाललेल्या उत्खननाच्या जागी, बारा वर्षांच्या मुलीचं प्रेत मिळतं. नियमानं त्यानं हे प्रकरण सोडायला हवं. तो सोडत नाही. साहेबाला सांगत नाही. फक्त त्याची सहकारी कॅसी जाणते.

या कादंबरीवर वाचक चिडतात. का चिडतात ते मला माहीत आहे: जुन्या दोन मुलांचं काय झालं, ते फ्रेंच सांगत नाही. पण आठवण अशी हुकमी परत येते, या समजुतीनं १९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकेत किती घोळ घातला, हेही विसरू नये. दडपलेल्या स्मृती जाग्या झाल्या म्हणून खटले चालले, शिक्षा झाल्या, त्यांतल्या काही पुढं रद्दही झाल्या. त्याच सुमारास एलिझाबेथ लोफ्टसनं दाखवलं की लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची न घडलेली गोष्ट घरच्यांच्या नावानं सांगितली, तर सुमारे चौथा हिस्सा लोकांना ती आठवू लागते. फ्रेंचच्या नायकाला रान आठवत नाही, आणि जे थोडं आठवतं त्यावर भरवसा ठेवता येत नाही. याहून प्रामाणिक उत्तर दुसरं नव्हतं.

शिवाय तपास कोसळतो तो आठवणींमुळं नाही. गुन्हेगार कोण ते कळलेलं असतं, पण समोरच्या व्यक्तीचं खरं वय किती, हे अधिकाऱ्यानं तपासलेलंच नसतं. व्यक्ती अल्पवयीन निघते आणि मिळवलेली कबुली न्यायालयात निरुपयोगी ठरते. जन्मतारीख पाहायची राहिली, इतकीच ती चूक. ती राहिली कारण त्या व्यक्तीला निष्पाप मानण्याची त्याला गरज होती, आणि ती गरज थेट १९८४ च्या रानातून आलेली. घाव तपासात कसा शिरतो, हे याहून बारकाईनं दाखवलेलं मी वाचलेलं नाही.

चौथा लेख एलरॉयच्या आत्मकथनावर. वर त्याबद्दल पुरेसं लिहिलंय.

एक आकडा नोंदवतो, कारण या विषयावर बोलताना कुणीतरी तो काढतंच. १९९८ मध्ये सॅन दिएगोतल्या एका आरोग्यसंस्थेच्या हजारो सभासदांवर झालेलं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन अशा बालपणीच्या आघातांपैकी किमान एक तरी निम्म्याहून अधिक लोकांनी नोंदवला. हे विमाधारक, सुस्थितीतले लोक होते. म्हणजे ज्या गोष्टीला कादंबरीकार नायकाचं वेगळेपण म्हणून मिरवतात, ती शेजारच्या दोन घरांपैकी एका घरात आहे. त्यातले फार थोडे डिटेक्टिव्ह होतात आणि बहुतेकांनी कधी कुणाचा खून केलेला नाही. खुन्याच्या बालपणाकडे बोट दाखवून त्याचं सगळं स्पष्टीकरण झालं असं मानणाऱ्या कथांना हे लोक खोटं पाडतात.

हे लेख वेगवेगळ्या निमित्तांनी लिहिले आणि मग एकत्र करताना पुन्हा लिहिले. पुनरुक्ती शक्य तेवढी काढली, थोडी राहिली असेल. मराठीत अशा जातीची मोठी कादंबरी अजून यायची आहे असं माझं मत आहे. मालमसाला आपल्याकडे भरपूर आहे: पोलीस लाइनीतलं बालपण, गिरण्या बंद पडल्यानंतरची परळ-लालबागची घरं, आश्रमशाळा. लिहिणाऱ्यानं एवढंच पाहावं की अधिकाऱ्याला त्याच्या बालपणाची किंमत मोजायला लावावी, बक्षीस देऊ नये.

वाचकांना एक सूचना. या लेखांत मी शेवट लपवलेले नाहीत. लपवून या कादंबऱ्यांबद्दल बोलताच येत नाही. प्रस्तावनेतच थोडं फोडलं आहे. पण तिसऱ्या लेखात ‘इन द वूड्स’मधल्या गुन्हेगाराचं नाव पहिल्याच पानावर येतं. ती कादंबरी वाचायची असेल तर तो लेख तूर्त वगळा आणि चौथ्याकडे जा.